जुन्या वाद्याला नवा कंठ

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वाद्यांचा एक साधा दाखला घेतला आहे (१ करिंथ १४:७, ८). वाद्य निर्जीव असले तरी त्याचा सूर ओळखू आला पाहिजे, नाहीतर ते असून नसल्यासारखेच, असा त्याचा आशय. हा उतारा मी शब्बाथशाळेत अनेकदा शिकविला आहे. पण त्याचा एक वेगळा अर्थ गेल्या वर्षी भोपाळमधील एका घरात, एका जुन्या विजेच्या गिटारीच्या निमित्ताने माझ्या ध्यानात आला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

भोपाळात आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडीच. रविवारची उपासना हिंदीत होते. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनासभा भरते. आमच्यापैकी काहींचे वडील १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाल्यावर नोकरीसाठी येथे आले आणि पिपलानी-बरखेड्याचे होऊन गेले. काही जण रेल्वेत होते. ज्या घराची ही हकीकत, तेथील आजोबा रेल्वेतले. त्यांनी मुंबईला धोबी तलावावरून एक वापरलेली जपानी गिटार आणली होती. तिच्यावर बनविणाऱ्याचे नावही शिल्लक नव्हते. मंडळीच्या तरुण संघात ते ती वाजवीत. काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. हॉटेलातले वाद्य देवाच्या मंदिरात कशाला, असे ते म्हणत. हे म्हणणाऱ्यांच्या मांडीजवळ पेटी असे, हे विशेष! पेटीही परदेशातूनच आलेली. फ्रान्समधील हार्मोनियमला हाताने चालणारे रूप कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी दिले, आणि १९४० साली आकाशवाणीने तिला अभारतीय ठरवून अनेक वर्षे दाराबाहेर ठेवले होते. जे काल परके होते ते आज आपले वाटते. हे आपण फार लवकर विसरतो.

असो. आजोबा वारून तीस वर्षांवर झाली. गिटार कपाटावर चादरीत गुंडाळून पडून होती. इंजिनियरिंगला शिकणाऱ्या नातवाने ती खाली काढली, तारा चढविल्या, अॅम्प्लिफायरला जोडली. दोनांपैकी एक पिकअप मुका झालेला. दुसरा बोले, पण त्यात घूं घूं असा आवाज फार. आता काय करावे यावर घरात तीन मते झाली. आजी म्हणाल्या, "त्यांच्या वस्तूला हात लावू नका. जशी आहे तशी राहू द्या." नातू म्हणाला, "आजी, न वाजणारी गिटार ठेवून काय करायचे? दोन्ही पिकअप काढून नवे घालू." मुलाचे वडील म्हणाले, "विकून टाका. यंदाच्या फीचा हप्ता तरी निघेल."

हे तिन्ही पक्ष समजण्यासाठी पिकअप म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. विजेच्या गिटारीला सहसा पोकळ पोट नसते. तिचा आवाज पिकअपमधून येतो. तारांखाली काही चुंबक आणि त्यांच्याभोवती माणसाच्या केसाइतक्या, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या, तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, एवढीच त्याची रचना. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अतिसूक्ष्म वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. फॅरडे हे लंडनमधील एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचे वडील होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. ज्या तत्त्वावर भोपाळच्या कारखान्यात प्रचंड जनित्रे बनतात, त्याच तत्त्वावर हा बोटाएवढा कंठ बोलतो. तारेचे एक टोक ओलाव्याने हिरवे पडून तुटले की सारे वेढे व्यर्थ. सात हजार वेढे शाबूत आणि एक तुटलेला, तरी वाद्य मुके!

हेवी इलेक्ट्रिकल्समधून निवृत्त झालेले, कॉइल गुंडाळण्यात हयात घालविलेले एक काका आमच्या सभेला येतात. त्यांनी मीटर लावून पाहिले आणि मार्ग सांगितले. पहिला, मुक्या पिकअपची तार काढून त्याच चुंबकांवर नवी गुंडाळायची. दुसरा, त्याच जातीचा नवा पिकअप आणायचा. तिसरा, दोन कॉइलचा पिकअप बसवायचा. हा प्रकार अमेरिकेत गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तयार केला. त्यात दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे. त्यामुळे घरातील विजेचा गोंगाट एकमेकांना मारतो आणि तारांचा सूर मात्र दुणावतो. नातवाचे मन यावरच बसले होते. काका म्हणाले, "बाळा, गोंगाट जाईल हे खरे. पण आवाज जाड होईल, जुना धारदारपणा राहणार नाही. आणि हा मोठा पिकअप बसवायला लाकूड कोरावे लागेल. कोरलेले लाकूड परत भरून येत नाही."

येथे एक जुना प्रश्न उभा राहतो. ग्रीक लेखक प्लुटार्क याने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सचे लोक ते जहाज जपून ठेवीत, कुजलेली फळी काढून नवी घालीत. तेव्हा तत्त्वज्ञांत वाद पडला : हे तेच जहाज की दुसरे? पुढे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने आणखी पेच घातला : काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज उभारले, तर खरे कोणते?

फळ्या मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. यिर्मया कुंभाराच्या घरी गेला तेव्हा त्याने पाहिले की चाकावरचे भांडे बिघडले आणि कुंभाराने त्याच मातीचे दुसरे भांडे केले (यिर्मया १८). भांड्याचे आपलेपण तेथे आकारात नव्हते. ते कुंभाराच्या हातात आणि हेतूत होते. वस्तू कशासाठी आहे आणि कोणाच्या हाती आहे, यावर ती 'तीच' असणे बरेचसे अवलंबून असते. ज्या गिटारीतून स्तुती निघावी म्हणून आजोबांनी ती आणली, तिच्यातून काहीच निघत नसेल, तर एकही भाग न बदलता ती बदललेलीच आहे. मुकेपणा हाही एक बदल आहे, हे आपण ध्यानात घेत नाही.

मग आजींचे म्हणणे टाकाऊ होते काय? मुळीच नाही. पवित्र शास्त्रात स्मरणाच्या दोन वस्तू आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. शमुवेलाने एक धोंडा उभा करून त्याला एबन-एजर नाव दिले, कारण तेथवर परमेश्वराने साहाय्य केले होते (१ शमुवेल ७:१२). तो धोंडा स्वतःकडे पाहायला सांगत नाही, देवाच्या साहाय्याकडे बोट दाखवितो. दुसरी वस्तू मोशेने केलेला पितळी सर्प. तो देवाच्या आज्ञेने केलेला, लोकांचे प्राण वाचविलेला. पण पिढ्या गेल्या आणि लोक त्यालाच धूप जाळू लागले. म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). एकाच घरातील एकच वस्तू आज एबन-एजर असते आणि उद्या पितळी सर्प होते. फरक वस्तूत नसून आपल्या मनात असतो. आजींच्या मनात काय होते हे मला ठरविता आले नाही, आणि ते ठरविण्याचा मला अधिकारही नव्हता. पण गिटार उघडल्यावर जे निघाले त्याने त्या स्वतःच विचारात पडल्या.

त्याचे असे झाले. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या शहरातील जुन्या वाद्यांच्या एका व्यापाऱ्याशी बोलणे केले होते. व्यापाऱ्याने चांगली किंमत सांगितली, पण अट घातली : सर्व भाग मूळचेच आहेत असे लिहून द्यावे. जुन्या गिटारींच्या बाजारात मूळच्या पिकअपला फार मोल असते. ते बदललेले निघाले की किंमत कोसळते. खात्री करून घ्यावी म्हणून काकांनी मुका पिकअप बाहेर काढला, तर त्याखाली घडी केलेली एक चिठ्ठी. पेन्सिलीने लिहिले होते की मूळची तार तुटल्यामुळे मे १९७८ मध्ये ४६ नंबरच्या तारेने पुन्हा गुंडाळले, वेढे इतके, खाली सही. अक्षर आजोबांचे.

आजींनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "त्या उन्हाळ्यात माझे शिवणाचे मशीन दोन दिवस अडकवून ठेवले होते. काय करता विचारले तर सांगेनात." मशीनच्या चाकावर त्यांनी हजारो वेढे घेतले होते! ज्या आवाजाची आठवण आजी इतकी वर्षे जपून होत्या, तो आवाजच मुळी दुरुस्त केलेला होता. ज्याला आपण 'मूळचे' म्हणून कवटाळतो, त्याच्या पोटात बहुधा अशी एखादी चिठ्ठी असते. आपले पवित्र शास्त्रच पाहा. श्रीरामपूरला केरीसाहेबांनी मराठी नवा करार १८११ साली छापला. त्यानंतर किती हातांनी भाषांतरे सुधारली. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर आले. आज जे शब्द आपल्याला अनादी वाटतात, ते कोणीतरी कधीतरी बसविलेले आहेत. त्यामुळे वचन जुने झाले नाही की खोटे झाले नाही. ते ऐकू येत राहिले.

पण आता खरी परीक्षा आली. चिठ्ठीची माहिती घरातील चौघांना आणि आम्हा दोघांना. ती चुलीत घातली असती तर व्यापाऱ्याला कधीच कळले नसते. मुलाचे वडील थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तारच तर बदलली आहे. चुंबक तेच, सांगाडा तोच. मूळचे म्हटले तर खोटे थोडेच?" मी त्यांना दोष देत नाही. फीचा हप्ता डोक्यावर असलेल्या बापाला कोणते शब्द सुचतात हे ज्याचे त्याला ठाऊक. पण थीसियसच्या जहाजाचे कोडे येथे ढाल म्हणून वापरले जात होते, हेही खरे. वस्तू तीच की दुसरी याचे उत्तर तत्त्वज्ञांना अवघड असेल. समोरच्याला काय समजावे असे आपल्याला वाटते, याचे उत्तर अवघड नसते. पिशवीत दोन प्रकारची वजने ठेवू नयेत असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद २५:१३). 'मूळचे' हा शब्द स्वतःशी एका अर्थाने आणि गिऱ्हाइकाशी दुसऱ्या अर्थाने वापरणे म्हणजे दोन वजनेच.

भोपाळहून जवळच सांची आहे. तेथील मोठा स्तूप १८२२ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने कुतूहलापोटी वरपासून खालपर्यंत फोडला. त्या भगदाडामुळे पुढे पश्चिमेचे तोरण कोसळले. उत्साह होता, पण परत भरून येणार नाही असे काही आपण करीत आहोत हे भान नव्हते. नंतर १९१२ ते १९१९ या काळात सर जॉन मार्शल यांनी ते सारे काळजीपूर्वक सावरले. नव्याने बसविलेले काही दगड तेथे साधेच, कोरीवकामाशिवाय दिसतात. पाहणाऱ्याला कळते की हा भाग जुना आणि हा नंतरचा. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेने जगभरच्या जीर्णोद्धाराला हाच नियम घालून दिला : नवा भाग जुन्याशी मिळून असावा, पण ओळखता यावा, दुरुस्तीने इतिहास खोटा होऊ नये. म्हणजे दुरुस्तीच्या तीन कसोट्या झाल्या. गरजेपुरतेच बदलावे. शक्य तो परत काढता येईल असे बदलावे. आणि जे बदलले ते सांगावे. आजोबांनी ही सनद वाचली नसणार. पण पेन्सिलीने त्यांनी तिसरी कसोटी पाळली होती.

येथून हा प्रश्न वाद्यांचा राहत नाही, माणसांचा होतो. जो कोणी ख्रिस्तात आहे तो नवी उत्पत्ती, असे आपण मानतो. मग नवा झालेला माणूस जुनाच की दुसरा? पौलाकडेच पाहा. नवा झाल्यावरही आपण मंडळीचा छळ केला हे तो ठिकठिकाणी सांगतो. आपल्या आत ठेवलेली चिठ्ठी तो लपवीत नाही. आपल्या मंडळ्यांत मात्र दोन टोके दिसतात. कोणी दारू सोडून आला, तर काही जण त्याला जन्मभर जुन्या नावाने ओळखतात, म्हणजे नवी तार झालीच नाही असे मानतात. तर काही जण साक्ष देताना जुने काही घडलेच नव्हते असे दाखवितात, म्हणजे 'सर्व मूळचे' असे लिहून देतात. दोन्ही खोटे. कृपेने दुरुस्त झालेला माणूस तोच असतो, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. आणि तो नवा असतो, म्हणूनच ती शुभवार्ता.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. सारेच दुरुस्त होत नाही. हे कुटुंब तेव्हा स्टेशनजवळ राहत असे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री जो विषारी वायू शहरावर पसरला, त्याने आजोबांची छाती कायमची निकामी केली. त्यानंतर ते गाऊ शकले नाहीत, आणि गाता येईना म्हणून वाजविणेही सोडले. १९८९ साली न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. तिला भरपाई म्हणतात. दुरुस्ती म्हणत नाहीत. बदली, दुरुस्ती आणि भरपाई हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि या शहराने तो फरक फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. पिकअप पुन्हा गुंडाळता येतो, फुप्फुस येत नाही. अशा हानीपुढे, देव सगळे नीट करील असे घाईने बोलणे म्हणजे जखमेवर रंग फासणे होय. आपली आशा त्याहून खोल आहे. उठलेल्या प्रभूने थोमाला आपले हात दाखविले तेव्हा त्यांत खिळ्यांच्या खुणा होत्या (योहान २०:२७). पुनरुत्थानाने शरीर नवे केले, पण जे घडले ते पुसले नाही. देवाची दुरुस्ती खुणा लपवीत नाही; म्हणून आपणही दुसऱ्याच्या खुणा झाकण्याची घाई करू नये.

शेवट असा झाला. वडिलांनी व्यापाऱ्याला खरे ते कळविले. त्याने किंमत निम्म्याच्याही खाली आणली, सौदा मोडला. फीसाठी कर्ज काढावे लागले, ते अजून फिटायचे आहे. खरेपणाचे बक्षीस लगेच मिळाले असे सांगता आले असते तर हा लेख वाचायला गोड झाला असता. पण तसे झाले नाही. नातवाने मोठ्या पिकअपचा हट्ट सोडला. काकांनी त्याला शेजारी बसवून मुक्या पिकअपवर पुन्हा तार गुंडाळली, चुंबक तेच ठेवले, टोकांना डाख दिला. दुसरा पिकअप तसाच राहू दिला. गोंगाट कमी व्हावा म्हणून आतल्या खाचेत तांब्याचा पातळ पत्रा चिकटविला. तो केव्हाही काढता येतो. काढलेली जुनी तार एका डबीत घालून आजींना दिली. आणि आजोबांच्या चिठ्ठीशेजारी नातवाने आपली चिठ्ठी ठेवली : काय बदलले, केव्हा, कोणी.

नाताळाच्या आधीच्या प्रार्थनासभेत ती वाजली. थोडी गुणगुण अजून येते. पहिल्याच गीताच्या मध्यावर आजी म्हणाल्या, "अरे, आवाज जरा कमी कर, शब्द ऐकू येत नाहीत." सगळे हसले. त्या आजोबांनाही नेमके हेच म्हणत, असे मुलाच्या वडिलांनी मागाहून मला सांगितले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी एक सूचना आहे. पुढच्या एखाद्या रविवारी मुलांना घरातील एक दुरुस्त केलेली वस्तू आणायला सांगा : शिवलेले दप्तर, डाख दिलेले भांडे, पुन्हा बांधलेले गीतांचे पुस्तक. ती कोणी नीट केली, का केली, आणि खूण कोठे आहे, हे प्रत्येकाने सांगावे. मग त्यांना विचारा : प्रभूने तुला नीट केले, त्याची खूण कोठे आहे, आणि ती दाखवायला तू तयार आहेस काय? हा प्रश्न मुलांना विचारण्यापूर्वी आपण स्वतःला विचारलेला बरा.